संगम फलकावरची गर्दी

१

१९९६ सालच्या मार्चमध्ये, भर दुपारी, तासगावजवळची लालासाहेब पाटलांची बेदाण्याची शेड पेटली. द्राक्षे जाळ्यांवर अर्धीमुर्धी सुकली होती आणि मजूर बाहेर बाभळीखाली जेवायला बसले होते. आग आपोआप लागलेली नाही, हे सांगायला तज्ज्ञ नको होता. रॉकेलचा रिकामा डबा बांधावरच पडला होता. विजापूरकडून कामाला आलेली मल्लव्वा आत झोपलेल्या मुलीसाठी धावली. मुलगी सुखरूप बाहेर आली. मल्लव्वाचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

डब्याशेजारी एक कागद सापडला. दोन्ही कडांना भोके असलेला, संगणकाला जोडलेल्या छपाईयंत्रातून निघालेला. त्यावर मजकूर होता: ‘बाहेरचे मजूर ठेवणाऱ्यांच्या शेडा राहणार नाहीत. सुरुवात लालासाहेबांपासून.’ खाली ‘राखण’ अशी सही आणि वर ठळक अक्षरांत ‘संगम फलक, कराड’.

फलक म्हणजे एका खोलीतला एक संगणक, त्याला मोडेमने जोडलेली टेलिफोनची एक लाइन आणि रात्रंदिवस तो चालू ठेवणारा एक हौशी माणूस. आपल्या संगणकावरून तो नंबर फिरवायचा, इतरांचे निरोप वाचायचे आणि आपले ठेवायचे. लाइन एकच, त्यामुळे एका वेळी एकच माणूस आत येऊ शकतो. सांगलीतला असा पहिला फलक ‘कृष्णाकाठ’. तो चालवणारे शौनक वाटवे एका महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवत. ‘राखण’ हा गट मुळात त्यांच्या फलकावर जमला होता. त्याची भाषा बिघडत गेली, तेव्हा वाटव्यांनी गटावर बंदी घातली, त्याचा सगळा विभाग पुसून टाकला आणि वर्तमानपत्रांनी त्यांचे कौतुक केले. पण काही दिवसांतच तीच टोपणनावे, जुन्या निरोपांच्या संपूर्ण साठ्यासह, कराडच्या संगम फलकावर दिसू लागली.

सभासद एकमेकांना टोपणनावांनीच ओळखत. खरी नावे आणि टेलिफोन नंबर फक्त वाटव्यांकडे होते. पोलिसांनी आणि प्राचार्यांनी त्यावरून एकच निष्कर्ष काढला: पुढचे दार लावून घेणाऱ्यानेच मागचे उघडून दिले.

संस्थेच्या बैठकीत वाटव्यांची नोकरी जाणार होती, आणि त्यानंतर बहुधा त्यांना अटकही होणार होती. बैठकीपूर्वी बाहेरच्या माणसाचा अहवाल हवा म्हणून प्राचार्यांनी साताऱ्याच्या डॉ. पद्मा सोहोनींना बोलावले. त्या कीटकशास्त्रज्ञ होत्या; हयात हिवतापाच्या डासांमागे, साथ कुठून आली ते शोधण्यात गेलेली.

“संगणकातलं मला कळत नाही,” त्या म्हणाल्या. “एक डबकं बुजवल्यावर डास कुठे जातात, ते थोडंफार कळतं.”

“कुठे जातात?”

“बहुतेक मरतात. दुसऱ्या डबक्यावर सगळेच्या सगळे पोहोचले, तर कुणीतरी बादलीतून नेले, असं मी धरून चालते.”

२

शौनक वाटवे चौतिशीचे, देखणे आणि स्वतःचे बोलणे स्वतःच लक्षपूर्वक ऐकणारे. भिंतीवर चौकटीत वर्तमानपत्राचे कात्रण होते: ‘सांगलीच्या तरुणाने संगणक नेला खेड्यापाड्यांत’.

“मॅडम, मला गुंतवलंय,” ते म्हणाले. “आणि कुणी ते मला ठाऊक आहे. निमिष टेंबे. संगम त्याचाच. आम्ही एका वर्गात होतो. माझ्या फलकावर लाइन लागायची नाही, लोक तासन्‌तास नंबर फिरवायचे. त्याच्याकडे चिटपाखरू नव्हतं. बंदीच्या आधी माझी डिस्क बिघडली, ती त्यानेच दुरुस्त केली. तेव्हा सगळ्याची प्रत त्याच्या हाती पडली.”

“प्रत आणखी कुणाकडे आहे?”

“या यंत्रात होती. म्हणजे मी आणि ही.”

ही म्हणजे अश्लेषा, त्यांची पत्नी. ती चहा घेऊन आली होती आणि जाता जाता थांबली होती.

“गटातले सगळे टेलिफोनवरून यायचे?”

“छे! तिथेच तर माझी योजना आहे.” वाटव्यांचा चेहरा उजळला. “तासगाव, कवठे महांकाळ इथल्या लाइनवर मोडेम टिकत नाही. मग मला सुचलं, टेलिफोन हवाच कशाला? नवे निरोप फ्लॉपीवर भरायचे, फ्लॉपी कापडी पिशवीत घालून एसटीच्या कंडक्टरकडे द्यायची. तिकडच्या स्टँडवर कुणीतरी उतरवून घेतं, आपली उत्तरं भरून परत पाठवतं. गटातले निम्मे पिशवीवाले, निम्मे सांगलीतले टेलिफोनवाले. बंदीबरोबर पिशवीही बंद केली.”

“फ्लॉप्या तुम्ही भरत होता?”

“भरायचं काम ही करायची. म्हणजे, कारकुनी भाग.”

अश्लेषाने कप उचलले. एका कपात चहा तसाच होता, तो वाटव्यांचा.

“माझा राहिलाय अगं,” ते म्हणाले.

“हो का?” ती म्हणाली आणि कप घेऊन गेली.

बंदी घालण्यापूर्वी वाटव्यांनी गटाचा संपूर्ण विभाग छापून प्राचार्यांना पुरावा म्हणून दिला होता. तो गठ्ठा आणि गटातले पिशवीवाले कोण, टेलिफोनवाले कोण, ही माहिती घेऊन पद्माबाई उठल्या. दारात वाटवे म्हणाले, “निमिषला भेटाल, तर एवढंच बघा, मी त्याच्यापुढे गेल्याचं त्याने मला कधी माफ केलंय का.”

३

कराडला जाण्याआधी पद्माबाईंनी सातारा स्टँडसमोरच्या एसटीडी बूथवरून संगम फलकाचा नंबर फिरवून पाहिला. पलीकडून कर्कश किंकाळी आली, म्हणजे यंत्राने फोन उचलला. दुपारी पुन्हा फिरवला, संध्याकाळी पुन्हा, दुसऱ्या दिवशी सकाळीही. दर वेळी किंकाळी.

“बाई, त्यो फोन बिघाडलाय,” बूथवाला कळवळून म्हणाला. “मानूस उचलंना त्यो.”

“बिघडलेला नाही. मोकळा आहे. तेच मला आवडत नाहीये.”

निमिष टेंबे कराडात संगणक दुरुस्तीचे दुकान चालवत होता. वाटव्यांचे नाव निघताच तो हसला.

“शौनकने सांगितलं ना, मी जळतो म्हणून? बरोबर आहे. जळतो. परीक्षेत पहिला तो, नोकरी त्याला, पेपरात फोटो त्याचा. लग्नही त्याचंच झालं. अश्लेषा आमच्यापेक्षा हुशार होती मॅडम, दोघांपेक्षा. तिने निवडलं कुणाला, ते दिसतंच आहे.”

“म्हणून त्याने हाकललेले लोक तुम्ही घेतलेत?”

“आले, ते ठेवून घेतले. पोस्टाने एक पाकीट आलं, सांगलीचा शिक्का, आत गटाच्या जुन्या निरोपांच्या फ्लॉप्या. पाठवणाऱ्याचं नाव नाही. मी ते फलकावर चढवलं. दोन दिवसांत माणसं हजर. माझ्या फलकावर कधी एवढी गर्दी झाली नव्हती. शौनकची माणसं माझ्याकडे! मी कशाला विचारतो, का आलात म्हणून?”

“त्यांनी काय लिहिलं, ते वाचलंत?”

निमिषने टेबलावरचा स्क्रू-ड्रायव्हर उचलून पुन्हा ठेवला. “मी आकडा बघायचो. निरोप किती झाले, तो.”

“यायचे कधी ते? एकेक करून?”

“नाही, एकदम. एका जीपमधून वऱ्हाड उतरावं तसे. मग दोन-तीन दिवस सामसूम, मग पुन्हा सगळे. आगीनंतर कुणीच नाही.”

पद्माबाईंनी खुर्ची पुढे ओढली. “टेंबे, तुमची लाइन एकच आहे. आत एका वेळी एकच माणूस येतो. एवढी माणसं स्वतः येत असती, तर दिवसभर एकेक करून आली असती. ती एकदम यायची, आणि आगीनंतर थांबलीही एकदम; मला नंबर दर वेळी मोकळा मिळाला. तुमच्याकडे गर्दी कधी झालीच नाही. एकच माणूस येत होता, सगळ्यांचे निरोप घेऊन.”

निमिषचा चेहरा उतरला. आग, पोलीस, अहवाल यांपैकी कशानेही उतरला नव्हता तो यामुळे उतरला.

“म्हणजे माझ्याकडे कुणी आलंच नव्हतं?” तो म्हणाला.

४

शेड जाळल्याबद्दल पकडलेला ‘राखण’चा मानसिंग जमदाडे जामिनावर सुटून तासगावात घरी होता. वडिलांचा बेदाण्याचा व्यापार. लालासाहेबांची शेड यांच्याहून मोठी आणि त्यांचा माल दर वर्षी आधी विकला जाई. आगीविषयी बोलायला त्याने नकार दिला. फलकाविषयी मात्र तो उत्साहाने बोलला.

“कृष्णाकाठवर बंदी आल्यावर नवा फलक कसा शोधलात?” पद्माबाईंनी विचारले.

“शोदायचा कशाला? आमी कुटं गेलोच न्हाई. हितंच हाय की.”

“कुणाचा फोन आला होता का?”

“न्हाई ओ. एक खेप पिशवी चुकली, म्हनलं संपलं आता. पोरं पांगायला लागली व्हती. मग पुन्यांदा आली. पिशवी तीच, गाठ तीच. फ्लॉपी लावली तर वरचं नाव तेवडं बदलल्यालं, संगम म्हनून. आतलं सगळं जुनं. आमी म्हनलं, सायबानी वरवर बंदी घातली, आतनं आपलीच बाजू हाय त्येंची.”

“आणि पिशवी आली नसती तर?”

मानसिंगने प्रामाणिकपणे विचार केला. “काय झालं नसतं. हंगाम हाय, कामं लय असत्यात. कोन शोदत बसतंय?”

“सांगलीतले तुमचे टेलिफोनवाले गडी? ते आले का संगमवर?”

“एकबी न्हाई. आमी शिव्या घातल्या त्येंना, घाबरट म्हनून.”

घरातून त्याच्या आईचा आवाज आला, “आवं बाई, च्या घिऊन जावा. आन् त्येला इचारा, लालासायबाची शेड जाळून आपला माल चढ्या भावानं गेला का म्हनावं!”

“आये, गप की गं!” मानसिंग ओरडला.

पद्माबाई चहा न घेता निघाल्या. वाटव्यांनी लोक हलवले असते, तर त्यांच्या हाती टेलिफोन नंबर होते. मग सांगलीतले सर्वांत आधी आले असते. आले फक्त पिशवीवाले. ते विचाराने हलले नव्हते, निष्ठेनेही नाही. त्यांना कुणीतरी उचलून नेले होते. पिशवी कशी भरतात, कशी बांधतात आणि कुणाकडे द्यायची, हे ठाऊक असणारे कुणीतरी. पण वर्तमानपत्रात छापून आलेली ही योजना निमिषलाही माहीत होती. आणि मत्सराची कबुली तर त्याने स्वतःहून दिली होती.

५

साताऱ्याला घरी पद्माबाईंनी दोन्ही साठे जमिनीवर शेजारी-शेजारी पसरले: डावीकडे बंदीपूर्वीचा प्राचार्यांचा गठ्ठा, उजवीकडे संगम फलकावर चढवलेला, टेंब्यांकडून छापून आणलेला. दोन्ही एकच असायला हवे होते. तीन दिवस त्यांनी ओळ ओळ जुळवली. किडे मोजणाऱ्याला कंटाळा येत नाही.

उजवीकडे चार निरोप कमी होते.

पहिली शंका: फ्लॉपी खराब झाली असेल. पण खराब फ्लॉपी निरोप अर्धवट तोडते; इथे चारही निरोप मुळापासून, स्वच्छ उचलले होते. त्यांत धमकी नव्हती, शिवी नव्हती, कुणाची ओळख उघड होण्यासारखे काही नव्हते. चारही आभाराचे होते. ‘वाटवेसरांची पिशवीची कल्पना म्हणजे कमाल.’ ‘फ्लॉपी वेळेवर मिळाली, सरांच्या डोक्याला तोड नाही.’ असेच आणखी दोन.

गटातल्या कुणाला हे काढण्याची गरज नव्हती. द्वेष करणारा माणूस सगळे जपून ठेवतो. शत्रूचे शब्द तर अधिकच. निवड करतो तो मत्सर. म्हणजे शौनक वाटव्यांची स्तुती ज्याला सहन होत नाही, असा माणूस. वाटवे स्वतः तर नक्कीच नव्हेत.

निमिष?

पद्माबाईंनी उजवा गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून वाचला. वाटव्यांची इतर स्तुती त्यात जागच्या जागी होती: त्यांचे इंग्रजी, त्यांचा वक्तशीरपणा, त्यांची देखणी अक्षरे. आणि एक निरोप असाही होता: ‘कराडच्या टेंब्यांचा फलक म्हणजे सुट्टीच्या दिवशीची शाळा. मास्तर आहे, पोरं नाहीत.’

हा निरोप संगम फलकावर, खुद्द टेंब्यांच्या घरात, शाबूत होता. स्तुती खुडून काढायला बसलेल्या निमिषने आपली ही थट्टा ठेवली असती? त्याने साठा वाचलाच नव्हता. खरे बोलला होता तो.

काढणाऱ्याला वाटव्यांच्या इंग्रजीचे, वक्तशीरपणाचे, अक्षराचे काही वाटत नव्हते. फक्त पिशवीचे श्रेय खुपत होते. ते कुणाला खुपेल?

ते ज्याचे असेल, त्याला.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास, वाटवे महाविद्यालयात असताना, पद्माबाई सांगलीच्या घरी गेल्या. अश्लेषा संगणकापुढे बसली होती. शेजारी कापडी पिशवी होती, रिकामी.

“आग लागल्यापासून पाठवली नाही,” ती आपणहून म्हणाली. “तुम्ही याल असं वाटलं होतं. निमिषवर थांबाल, असंही वाटलं होतं.”

“थांबले होते. एक रात्र.”

अश्लेषाने खुर्ची वळवली. “पेपरवाले आले तेव्हा फोटोत मीही होते मॅडम. ट्रे घेऊन. छायाचित्रकार म्हणाला, वहिनी, जरा बाजूला होता का? झाले. मग शौनकने त्यांना पिशवी समजावून सांगितली. माझी पिशवी, माझ्यासमोर. मध्येच अडखळला, तेव्हा पुढचं मीच सांगितलं त्याला. हळूच.”

“त्याला सांगितलं नाहीत, माझी कल्पना म्हणून?”

“सांगितलं. तो म्हणाला, आपल्या दोघांत काय तुझं-माझं.” ती किंचित हसली. “फलक मात्र त्याचाच होता.”

“मग बंदी आली.”

“मला बघायचं होतं, लोक येतात कशासाठी. त्याच्या फलकासाठी की माझ्या पिशवीसाठी? पिशवी दुसऱ्या फलकाला जोडली. तो कॉलेजात गेला की इथून कराडचा नंबर लावायचे, निरोप उतरवायचे, तिकडचे चढवायचे. सगळे आले. एकालाही शौनक आठवला नाही.” आवाजात अजूनही थोडा विजय होता. “प्रयोग म्हणून तुम्हाला पटेल.”

“प्रयोग उत्तम आहे. निष्कर्षही बरोबर आहे. याच गटावर का केलात?”

“तेवढाच बंद झाला होता. बाकीचे त्याच्याकडे होते.” ती घाईने म्हणाली, “ते काय लिहितात ते मी बघत नव्हते. फ्लॉपी भरायची, गाठ मारायची. पोस्टमन पत्रं वाचतो का? शेडचं मला खरंच ठाऊक नव्हतं.”

पद्माबाईंनी चार कागद टेबलावर ठेवले. वाटव्यांच्या आभाराचे चार निरोप.

“हे तुम्ही साठ्यातून काढलेत.”

“हो.”

“हे चार सापडायला बाकीचे सगळे वाचावे लागतात. मला तीन दिवस लागले. मजुरांना कसं हाकलायचं, जाळ्या कशाने लवकर पेटतात, कुणाची शेड रस्त्यापासून लांब आहे. हे सगळं या चार निरोपांच्या आजूबाजूला आहे. तुम्ही ते वाचलंत आणि त्यातून एवढंच उचललंत.”

अश्लेषाने हात मांडीवर घेतले, मग टेबलावर, मग पुन्हा मांडीवर. ते कुठे ठेवावेत, हे तिला कळेना.

“त्या बाईचे हात बरे होतील?” तिने विचारले.

“वापरता येतील, असं डॉक्टर म्हणतात. बेदाणे निवडायचं बारीक काम नाही जमणार.”

“मी लिहून देते. शौनकला यातलं काही ठाऊक नव्हतं, असं. त्याची नोकरी जायला नको.” तिने कागद ओढला, दोन ओळी लिहिल्या आणि थांबली. “अहवालात एक लिहाल? पिशवीची योजना माझी होती. सौभाग्यवती वगैरे नको. नुसतं नाव.”

पद्माबाईंनी चारही कागद गोळा केले. “लिहीन,” त्या म्हणाल्या. “खरं आहे म्हणून.”

७

बैठकीआधी प्राचार्यांनी चौघांपुरता अहवाल वाचून दाखवला. अश्लेषा भिंतीजवळच्या खुर्चीत बसली होती. खाली पोलिसांची गाडी उभी होती. शौनक वाटव्यांनी पत्नीचा जबाब मान खाली घालून ऐकला. त्यांचे डोळे ओलावले होते, आणि ते खोटे होते असे म्हणायला काही आधार नाही.

“‘सबब, श्री. वाटवे यांचा या प्रकरणाशी संबंध आढळत नाही,’” प्राचार्य वाचत होते. “‘फ्लॉपी एसटीने पाठवण्याची योजना अश्लेषा वाटवे यांनी एकट्यांनी आखली व चालवली. तिच्याच आधारे गट कराडच्या फलकावर नेण्यात आला.’ झालं. वाटवे, सुटलात तुम्ही. इथे सही करा, वाचून समजलं म्हणून.”

वाटव्यांनी पेन घेतले. सही करायच्या जागेवर ते टेकवले आणि उचलले.

“एक दुरुस्ती हवी,” ते म्हणाले.

“कसली?”

“गट तिने नेला, ते तिने कबूल केलंय. पण योजना तिची, हे तथ्याला धरून नाही. मूळ कल्पना माझी. तिने अंमलात आणली.”

प्राचार्यांनी चष्मा काढला. “अहो वाटवे, नीट ऐकलंत ना? ज्याची योजना, त्याला पोलीस विचारणार. त्यांना आताच तुमचा संशय आहे. हे वाक्य तुम्हाला वाचवतंय.”

“ते मला कळतं सर.”

“बायकोला वाचवायला म्हणत असाल, तर एक वेळ समजू शकतो.”

“तसं नाही,” वाटवे म्हणाले. “नोंद अचूक असावी, इतकंच.”

प्राचार्यांनी पद्माबाईंकडे पाहिले. “मॅडम, तुमचा अहवाल आहे.”

“माझा निष्कर्ष बदलत नाही,” त्या म्हणाल्या. “त्यांचा जबाब त्यांना समासात लिहिता येईल. सहीसह.”

त्यांनी अहवाल पुढे सरकवला. वाटवे सुवाच्य अक्षरांत लिहू लागले. अश्लेषा उठली, खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी आणून बसली आणि ते नेमके काय लिहीत आहेत, ते शब्द न्‌ शब्द वाचू लागली.